पालखीची वाट

शिमग्याची पालखी खालच्या पाणंदीत वळली आणि तात्या जागच्या जागी थांबले. इतकी वर्षं पालखीचं सगळं तेच बघत आले होते. यंदा गुडघे साथ देईनात, म्हणून त्यांनी शलाकाला ते काम शिकवायला घेतलं होतं. पालखी कुठून कशी न्यायची, हे पहिल्यांदाच तिने ठरवलं होतं.

"काकींचं घर राहिलं," तात्या म्हणाले.

"मुद्दामच गाळलं, तात्या. पावसाळ्यात त्यांचा मुलगा होडीसकट बुडाला. त्या दारात ढोल कसे वाजवायचे?"

"ढोल थांबवता येतात. देवाला कशाला थांबवलंस?"

शलाकाने हात वर केला. ढोल गप्प झाले. पोरांनी खांदा बदलला आणि पालखी माघारी फिरून चढणीला लागली. वाळक्या पाचोळ्यावर अनवाणी पावलांचा तेवढा आवाज येत होता.

काकी सारवलेल्या अंगणात नारळ धरून उभ्या होत्या. पालखी दारात टेकली तरी त्या देवाकडे बघेनात, शलाकाकडेच बघत राहिल्या.

"ढोल खाली वळलेले ऐकले मी. तू आम्हांला विसरलीस, का देवालाच आमचं दार नको झालं?"

खरं कारण शलाकाच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं.

"मीच विसरले, काकी. चुकलं माझं."

काकींनी नारळ तिच्या हातात दिला, आणि तेव्हा कुठे त्या देवाकडे वळल्या.