सॅम्पलचा पीस

डोंबिवली एमआयडीसीत आम्ही ऑक्सिजन मशीनचे पॉवर सप्लाय बनवतो. आउटपुटला कमी रेझिस्टन्सचेच कपॅसिटर हवेत, साधे तापून फुगतात आणि मशीन बंद पडतं, असं मी मितेशशेठना दहादा सांगितलं. त्यांनी ते लॅबला पाठवायच्या एका सॅम्पलमध्येच घालू दिले. बाकी सगळा माल साध्यावर काढला. सॅम्पल पास होऊन आलं तेव्हा वर पेढे वाटले. शिसारी आली मला त्या माणसाची.

काल शेठ माझ्या टेबलापाशी येऊन हळूच म्हणाले, "नयन, आमच्या बाबांना घरी ऑक्सिजन लावलाय. त्या मशीनला आपला माल नको रे. तो सॅम्पलचा पीस काढून दे."

मी कपाट धुंडाळायचं नाटक केलं.



तो पीस मी गेल्याच महिन्यात घरी नेलेला, आईच्या मशीनला.