डालग्याखालची कोंबडी

बांधावर सरकारी पशुवैद्य डॉक्टर पोफळ्यांची जीप दिसताच ओरडू नये म्हणून इंदूबाईनं कोंबडीची मान मुरगाळली आणि ती शेडच्या दारातल्या बांबूच्या डालग्याखाली झाकली. रोग पसरवते म्हणून गावरान कोंबडी पाळायला बंदी होती. सापडली तर सहा महिने कैद. आठ वर्षं लपवलेल्या वाणातली ही शेवटची.

डॉक्टर थेट शेडमध्ये शिरले. पाच हजार पिल्लं मरून आडवी पडली होती, खाली अंथरलेलं भाताचं तूस रक्तानं चिकट झालं होतं.

"प्रयोगशाळेत आतडी बदललेल्या पिल्लांना रक्ती हगवण शिवणारसुद्धा नाही म्हणाला होतात ना?" इंदूबाई फणकारली.

"जंतू आमच्यापेक्षा हुशार निघाला, बाई. राज्यात एकही शेड वाचली नाही." डॉक्टरांनी एक पिल्लू उचलून पुन्हा खाली ठेवलं. "तुमच्या सासूबाई नव्या पिल्लांखाली मूठभर जुनं, जंतू असलेलं तूस पसरायच्या. थोडं दुखणं काढून पिल्लं रोगाला पुरून उरायची. ती झुंज गावरान आतड्यालाच ठाऊक. कुठं एखादी राहिली असेल तर सांगा. शिक्षा होणार नाही. एक जिवंत कोंबडी मिळाली तरी तिच्या अंड्यांतून पुन्हा सगळा वाण उभा करू."

इंदूबाईनं डालगं उचललं. डॉक्टरांनी झडप घालून कोंबडी छातीशी धरली.

"अंग अजून ऊन लागतंय हो हिचं!"

"लागणारच," ती म्हणाली. "तुमची जीप लांबूनच ओळखू येते, डॉक्टर."