न मोडलेली वडी

पियुषच्या हातातली वडी मोडली नाही. नुसती वाकली.

"मम्मी, पाह्य ना, रबरासारखी झाली," तो हसत म्हणाला आणि वडी तोंडाकडे नेऊ लागला. आरतीनं झडप घालून ती हिसकावली. नुकतंच शाळेतून आलेलं पोरगं आईकडे बघतच राहिलं.

ज्वारीच्या पिठाची वडी अशी वाकत नाही. संत्र्याचा मुरंबा घाला, खजूर घाला, चॉकलेट घाला. जरा दाबली की ती तुटते, चुरा सांडतो. पियुषला गव्हाचा कणही चालत नाही असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून आरती ओव्हनमध्ये अशाच वड्या भाजत आली होती. हळूहळू तशाच पथ्याच्या इतर पोरांच्या घरीही त्या जाऊ लागल्या होत्या. आज मात्र एसटी गाठायची म्हणून तिनं त्या गरम, मऊ असतानाच घाईघाईत कापल्या होत्या, त्यामुळे काही लक्षात आलं नव्हतं.

तिनं पिठाचा डबा ओढला. मूठभर पीठ ताटलीत घेऊन पाण्यात मळलं, गोळा दोन्ही हातांनी ताणला. तो तुटला नाही. लांबत गेला.

"आई, या डब्यात पीठ कोणी टाकलं?"

तिच्या सासूबाई मैनाबाई दारात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. "म्याच टाकलं. पार बुडाशी गेलं होतं. आतल्या खोलीतल्या पिशवीतलं ओतलं. काहून?"

आतल्या खोलीत पिठाच्या दोन पिशव्या होत्या. एक ज्वारीची. दुसरी गव्हाची, बाकीच्यांच्या पोळ्यांसाठी. आणि मैनाबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता.

आरतीच्या डोळ्यांसमोर सकाळचा वड्यांचा डबा उभा राहिला. तिवस्याच्या स्टँडवर तिनं तो स्वतः ड्रायव्हरच्या हाती दिला होता. अकोल्याला, करिश्माकडे. करिश्मा तिला अमरावतीच्या दवाखान्यात भेटली होती. दोघी आपापल्या लेकरांच्या रिपोर्टची वाट बघत एकाच बाकावर बसल्या होत्या. तिची चंदा पियुषपेक्षा लहान, त्याच्यापेक्षा नाजूक. मागे एकदा चुकून गहू पोटात गेला तर पोरीला सलाईन लावावी लागली होती. आणि आज चंदाचा वाढदिवस होता.

आरतीनं फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. बोटांना चिकटलेली कणीक ती पदराला पुसत होती आणि ती निघत नव्हती.

मैनाबाई शेंगा तशाच टाकून उठल्या. "बोल ना वं आरती. माह्या हातून काही झालं काय?"

तेवढ्यात पलीकडून फोन उचलला गेला.

"ताई, आता नोका बोलू," करिश्मा धापा टाकत म्हणाली. "पोरगी ओकून ओकून अर्धी झाली. पोट धरून लोळून राह्यली. रिक्षा बोलावली, डॉक्टरकडेच निघून राह्यलो आमी."

आरती ओट्याला टेकली.

"अन् हे हिनंच केलं, सांगते तुमाले," करिश्मा बोलतच होती. "शेजारच्या पोरीसंग कचोरीच्या गाडीवर गेली असंन. इचारलं तं नाहीच म्हणते. दोन ठेवून देल्ल्या म्या, तरी नाहीच म्हणते."

पलीकडे तिच्यावर कोणाचा संशयसुद्धा नव्हता. "काळजी घे" म्हणून फोन ठेवला असता तरी भागलं असतं. चॉकलेट जुनं निघालं, वड्या फेकून दे, एवढं म्हटलं असतं तरी पुढचं टळलं असतं. खरं सांगितलं तर मात्र यापुढे तिच्या हातचं कोण आपल्या लेकराला देणार होतं? आणि चंदाला काही झालं तर? समोर मैनाबाई तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. त्यांना सगळं समजलं होतं. नोको, नोको, अशी त्यांची मान हलत होती.

फोनमधून मागचा एक बारीक आवाज आला. "म्या नाई खाल्ली कचोरी. खरंच नाई खाल्ली."

"करिश्मा, ऐक," आरती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "पोरगी खरं बोलून राह्यली. माह्या वड्यांत गहू गेला. डॉक्टरले हेच सांग. अन् तो डबा फेकून दे, एकही ठेवू नोको."

आरतीनं डोळे मिटून घेतले. आता करिश्मा ओरडेल, शिव्या देईल, काय वाटेल ते बोलेल, म्हणून ती फोन कानाशी घट्ट दाबून उभी राहिली.

शिव्या आल्या नाहीत. फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज झाला. मग धावत गेलेली पावलं. बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजत राहिला, आणि आतून कोणीतरी हमसून हमसून रडू लागलं.

ते रडणं लहान पोरीचं नव्हतं.