टेबलाची उंची

यमुनाबाईंच्या कमरेला कंपनीने बांधलेला सेन्सरचा पट्टा सकाळपासून नऊ वेळा बोलला होता, "चुकीचं वाकलात. पाठ सरळ ठेवा." दहाव्यांदा बोलला की द्राक्षांच्या पॅकहाउसमधलं त्यांचं काम सुटणार होतं. कुणाही बाईची कंबर धरली की दोष तिच्या वाकण्याचाच, असा निवाडा पट्टा देई आणि तो मान्य करावा लागे.

"बाई, आता जपून," सुपरवायझर घुले म्हणाले.

यमुनाबाईंनी पट्टा सोडून त्यांच्यापुढे धरला. "साहेब, माझे नऊ वहीत लिहून ठेवा आणि आता हा तुम्ही बांधा. ह्याच टेबलावर दहा पेट्या भरून दाखवा."

"मला काय धाड भरलीय?" म्हणत घुल्यांनी पट्टा बांधला. टेबल त्यांच्या जेमतेम मांडीपर्यंत येत होतं. तिसऱ्या पेटीला पट्टा ओरडला. सातव्या पेटीला त्यांचा हात आपोआप कमरेवर गेला. बायका खो खो हसल्या.

यमुनाबाई हसल्या नाहीत. त्यांनी चार रिकामे क्रेट पालथे घातले, बायकांना हाक मारली आणि टेबल त्यांवर चढवलं. मग घुल्यांकडून पट्टा घेऊन परत आपल्या कमरेला आवळला.

"आता मोज म्हणावं त्याला," त्या म्हणाल्या आणि ताठ उभ्या राहून पेटी भरू लागल्या.

संध्याकाळपर्यंत पट्टा गप्प होता.