पोटातली सुपारी

"काका, एवढा दुरुस्त करून द्या. गळाला जिताडा लागला आणि ह्याची शेपटीच तोडून नेली मेल्यानं!"

मुंबईहून आलेल्या प्रणवनं लाकडी मासा आत्मारामच्या हातावर ठेवला. आत्मारामनं सवयीनं तो उलटा केला, पोटावरून अंगठा फिरवला आणि अंगठा तिथंच थांबला. पोटातलं भोक सुपारीच्या तुकड्यानं बुजवलेलं होतं.

गळाला लावायचे लाकडी मासे करण्यात आत्माराम सुताराचा जन्म गेलेला. रविवारी हौशी मंडळी रॉड घेऊन केळव्याला यायची ती आधी त्याच्या शेडमध्ये डोकावून मग खाडीवर जायची. पांगाऱ्याचं लाकूड घ्यायचं, मासा कोरायचा, पोटात भोक पाडून शिसं ओतायचं, म्हणजे तो पाण्यात उताणा होत नाही. वरून भोक बंद करायचं ते भुशानं आणि सरसानं. सगळं जग तसंच करतं. सुपारी ठोकणारा एकच वेडा आत्मारामनं पाहिला होता, त्याचा स्वतःचा डावखुरा पोरगा ललित. "पाण्यात सुपारी फुगते बाबा, बूच घट्ट बसतं," म्हणायचा. "अरे, मासा हाय का विडा?" म्हणून आत्माराम करवादायचा. पण पोरगा ऐकेल तर शपथ!

तो ललित समुद्रात गेला त्याला कितीतरी वर्षं झाली. होडी सापडली, तो नाही सापडला. त्याची आई मंदा दाराकडे डोळे लावून लावून वर्षभरात गेली. ती असतानाच दर्भाचा पुतळा करून पोराचं सगळं केलं होतं, तर पिंडाला कावळा शिवेना. आत्मारामनं हात जोडून एकेक कबूल केलं. तुझ्या आईला जपीन. तुझ्या बायकोला पोटच्या पोरीसारखी ठेवीन. अरे, तिचं दुसरं लग्नसुद्धा लावून देईन, पण शिव रे बाबा! कावळे आपले माडावर बसून बघत राहिले. शेवटी भटजींनी दर्भाचाच कावळा करून पिंडाला लावला आणि लोक जेवायला बसले.

तेव्हापासून ललित या शेडमधून हलला नाही, असंच आत्मारामला वाटे. भर दुपारी पाठीमागं कानस घासल्याचा आवाज येई. वळून बघावं तर कोणी नाही. "लावतो रे तिचं लग्न, लावतो," तो ललितच्या रिकाम्या पाटाला सांगे. पण सून तयार व्हायला हवी ना! हेमांगी पडवीत बसून माशांना खवले रंगवायची आणि स्थळाचा विषय काढला की उठून विहिरीवर जायची. गेल्या दिवाळीत मात्र भाजी निवडता निवडता एकदम म्हणाली, "बघा तुमी, बाबा. मी नाय म्हणत नाय." आत्मारामचा जीव भांड्यात पडला. बोईसरच्या प्रदीपचं स्थळ जमलं. भला माणूस. लग्न परवावर आलं होतं. आता पोरगा सुटेल, असं आत्माराम स्वतःला रोज सांगत होता.

"हा जुना असंल," तो प्रणवला म्हणाला. "आमच्याच शेडमधला."

"छे हो! गेल्या महिन्यात घेतला, गुजरातेत, बंदरावर. माझ्यासमोर कोरला की. डावखुरा माणूस, पण हात काय चालतो! बायको शेजारी बसून रंगवत होती, मांडीवर तान्हं मूल."

आत्मारामला आधी आनंदच झाला. खोटं कशाला बोला? पोर जिवंत आहे! धावत पडवीत जावं आणि ओरडून सांगावं असं त्याला झालं. तो वळला. दारातून हेमांगीची वाकलेली मान दिसली, हातात बारीक ब्रश. आणि त्याचा पाय उचलेना. हिला काय सांगायचं? तू कुंकू पुसलंस तेव्हा तो तिकडं संसार मांडत होता म्हणून? सांगितलं तर परवाचं लग्न मोडलंच. ही पुन्हा त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसेल, मंदासारखी. पोराचा असा संताप त्याला आयुष्यात कधी आला नव्हता. इतकी वर्षं जवळ बाळगलेलं भूतच बरं होतं की!

"ह्याचं लाकूडच कुजलंय," तो म्हणाला. "असू दे हितंच. त्याच्या बदली माझा नवा न्या."

फळीवरचा चांगल्यात चांगला मासा घेऊन प्रणव खूश होऊन खाडीकडे गेला. आत्मारामनं शिसं वितळवायची शेगडी फुंकली आणि सुपारीवाला मासा निखाऱ्यांवर टाकला. वार्निश भपकन पेटलं. मग मात्र त्याला राहवलं नाही. म्हातारा खांब धरून लहान पोरासारखा रडला.

"कसला वास येतोय, बाबा?" हेमांगी दारात उभी होती.

त्यानं घाईघाईनं टॉवेल तोंडावरून फिरवला. "काय नाय गं. वाळवी लागलेला तुकडा हुता. धूर गेला डोळ्यात."

हेमांगी जवळ आली. शेगडीत वाकून बघत राहिली. मग तिनं चिमटा उचलला आणि निखाऱ्याबाहेर राहिलेलं माशाचं डोकं नीट आत सारलं.

"गेल्या गणपतीत असाच एक नवाकोरा, सुपारीवाला आलावता दुरुस्तीला," ती म्हणाली. "तुमी पालघरला गेलेले. मी चुलीत घातला. म्हटलं, पोरगा मेला ते बाबांनी सोसलं. जिवंत हाय, ते नाय सोसायचं त्यांना."