जखडलेला बाण

बांधलेलं काही दिसलं की गोमटेशचे हात शिवशिवत, ही राजमतीआक्कांची लेकाबद्दल जुनीच तक्रार. टेकडीवरच्या वेधशाळेत वाऱ्याची दिशा दाखवणारा लोखंडी बाण गोऱ्या साहेबांच्या काळापासून तारेनं जखडलेला होता. एकाही राखणदारानं तो सोडला नव्हता. नवा राखणदार झालेल्या गोमटेशनं आईसमोरच तार तोडली.

वारा आक्कांचा पदर निपाणीकडं ओढत होता. बाण मात्र वारा सोडून गोमटेशकडं वळला.

तो बाजूला सरकला, तसा बाणही सरकला.

“आई, वळखतंय की गं मला!” हसत तो पायऱ्या उतरू लागला.

गोल फिरण्यापलीकडं ज्याला हलताच येत नव्हतं, तो बाण हळूहळू खाली वाकला आणि त्याच्या पाठीवर रोखला गेला.

“मुडद्या,” आक्का वरूनच ओरडल्या, “आता घरला येऊ नगंस रं. घरात लेकरं हाईत.”