रमलेली पोरं

आर्वीजवळच्या आमच्या बालवाडीचा अभ्यासक्रम मी आणि शोभाबाईंनी मिळून आखला. उन्हाळाभर आम्ही दोघी गावातल्या अंगणाअंगणांत बसून पोरं काय खेळतात ते बघत होतो. शेवटी ठरलं, की पाटी नाही आणि पाढेही नाहीत. चिंचोके, माती, सरकी आणि पोरांच्या मनात येईल तो खेळ.

पालकसभेत आया कुरकुरल्या, तेव्हा शोभाबाईच उठून उभ्या राहिल्या. "लेकरं खेळता खेळताच शिकतेत, बायांनो. ताईवर भरोसा ठेवा." मला तिथंच भरून आलं.

वर्ग शोभाबाई घेत. माझ्याकडे आणखी दोन गावांच्या बालवाड्या, म्हणून मी अधूनमधून स्कूटीने चक्कर मारायचे. मी दारात उभी राहिले तरी एकही पोर मान वर करत नसे, इतकी ती चिंचोक्यांत रमलेली असत. संस्थेच्या प्रत्येक बैठकीत मी हे मोठ्या तोऱ्यात सांगितलं.

काल गाडी वेशीपाशीच पंक्चर झाली. ती तिथंच लावून मी पायी आले. दाराबाहेर चप्पल काढत होते, तेवढ्यात आतून शोभाबाईंचा आवाज आला, "सांगा बरं, ताईची गाडी वाजली का काय कराचं?"

 

सगळा वर्ग पाढ्याच्या चालीवर एका सुरात ओरडला, "पाट्या चटईखाली, चिंचोके हातात, अन् वर पाहाचं नाई!"